धायटी: अंगणात लावावी कशी, फुले पाखरांना किती ठेवावी आणि औषधाला किती घ्यावी

मधमाश्या, फुलपाखरे आणि छोट्या पक्ष्यांसाठी बाग करायची ठरली की रोपवाटिकेतून बहुतेक वेळा परदेशी झुडपेच घरी येतात: पेंटास, हॅमेलिया, रंगीबेरंगी घाणेरी. घाणेरी तर आपल्या डोंगरांवर एवढी माजली आहे की तिला पैसे देऊन अंगणात आणणे मला अजिबात पटत नाही. आपल्याच डोंगरउतारांवर वाढणारे, पाण्यासाठी न अडणारे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मधाने भरून जाणारे झुडूप हाताशी असताना तर नाहीच नाही. ते झुडूप म्हणजे धायटी. कुठे तिला धायफूल म्हणतात, कुठे धावशी. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती धातकी.

धायटी का, ते आधी सांगतो. पावसाळी रानफुलांचा बहर दिवाळीपर्यंत ओसरतो. तेरडा वाळतो, सोनकी संपते, गवत पिवळे पडते. जानेवारी उजाडला की घराभोवतीच्या छोट्या बागेत कमरेच्या उंचीला मध देणारे देशी फूल शोधावे लागते. डोंगरात याच दिवसांत पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, पण हे मोठे वृक्ष. सोसायटीच्या कुंपणाकडेला किंवा घरामागच्या छोट्या पट्ट्यात ते लावणार कुठे? धायटी त्यांच्याच हंगामात, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फुलते आणि जागा मागते जेमतेम दीड-दोन मीटर. शिवाय पुढे तिच्याकडे दुर्लक्ष झाले तरी ती तग धरते.

आधी ओळख पक्की करा

शास्त्रीय नाव वूडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी आणि तामण यांच्या कुळातली. साधारण माणसाच्या उंचीचे झुडूप, चांगल्या जागी दहा फुटांपर्यंतही जाते. बुंध्यापासून अनेक फांद्या निघतात आणि लांब होऊन कमानीसारख्या बाहेर झुकतात. जुन्या फांद्यांची साल तांबूस तपकिरी असते आणि पातळ पट्ट्यांनी सुटते. पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची, जवळजवळ बिनदेठाची. पान उलटून पाहा. खालची बाजू फिकट, करडी, मऊ लवेची असते आणि तिच्यावर बारीक काळसर ठिपके दिसतात. फुले नसतानाही झुडूप ओळखायची ही सोपी खूण.

फूल हातात घेऊन नीट पाहण्यासारखे आहे. आपल्याला दिसते ती लाल, किंचित वाकलेली, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीची नळी म्हणजे पाकळ्या नव्हेत, तो निदलपुंज आहे, म्हणजे फुलाचे पाकळ्यांबाहेरचे आवरण. खऱ्या पाकळ्या सहा, पण इतक्या चिंचोळ्या आणि फिकट की नळीच्या तोंडाशी शोधाव्या लागतात. तिथूनच बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. मध नळीच्या तळाशी. फूल अलगद ओढून मागचे टोक चोखले की जिभेला गोडी लागते. फुलांचे झुबके पानांच्या बगलेत, फांदीच्या लांबीभर लागतात, त्यामुळे भर हंगामात अख्खी फांदीच लाल दिसते.

ही रचना लक्षात ठेवा, कारण फुले कधी तोडायची याचे उत्तर तिच्यातच आहे. परागीभवन झाल्यावर लाल नळी गळून पडत नाही. ती तशीच राहते आणि बोंड तिच्या आत पिकते. म्हणजे झुडूप लाल दिसते आहे म्हणून त्यात अजून मध आहे असे समजू नका.

रोप घेताना दोन घोटाळे होतात. एक नावाचा: धायटी मागितली की कधी धावडा पुढे केला जातो. धावडा हा मोठा वृक्ष, त्याचा डिंक आपण लाडवांत घालतो. दुसरा दिसण्याचा: लाल नळीच्या फुलांची म्हणून हॅमेलिया माथी मारली जाते. हॅमेलियाची पाने एका पेरावर तीन-चार मिळून येतात, देठ लालसर असतात आणि फुले फांदीच्या टोकाला लागतात. धायटीची फुले फांदीभर. शंका आली तर पान उलटा आणि ठिपके बघा.

रोप कुठून आणायचे

सर्वांत सोपे म्हणजे वनविभागाच्या, सामाजिक वनीकरणाच्या किंवा देशी झाडांच्या खासगी रोपवाटिकेतून. मागणी कमी असल्याने मार्च-एप्रिलमध्येच सांगून ठेवा, पावसाच्या सुरुवातीला मिळेल. डोंगरातून रोप उपटून आणू नका. किल्ल्यांच्या आणि घाटवाटांच्या भोवतीची बरीच जमीन वनखात्याची असते, अभयारण्यात तर झाडाचे पान तोडायलाही बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कपारीत रुजलेली धायटी उपटताना मुळे तुटतात आणि ते रोप सहसा जगत नाही. तिथलेही झुडूप गेले आणि इथेही काही आले नाही.

कुणाच्या खासगी माळावर किंवा बांधावर धायटी असेल तर मालकाला विचारून बी घ्या. एप्रिल-मेमध्ये बोंडे वाळून तपकिरी होतात. ती फुटण्याच्या बेतात असताना कागदी पिशवीत फांदी वाकवून झटका. एका झुडपावरची थोडीच बोंडे घ्या. बी इतके बारीक असते की चिमूटभर बियांतून शंभर रोपांची बेगमी होते.

बी रुजवणे: इथेच धीर लागतो

पसरट कुंडी किंवा ट्रे घ्या, तळाला भोके हवीतच. दोन भाग बारीक वाळू, एक भाग चाळलेली माती आणि एक भाग चाळलेले पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण भरून हाताने सपाट करा. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवा आणि मिश्रण खालून ओले होऊ द्या. पृष्ठभागावर ओल दिसली की बाहेर काढा. आता बी दहापट कोरड्या वाळूत मिसळून रांगोळी टाकतो तसे चिमटीने पसरा. वरून माती टाकू नका. एवढ्या बारीक बियांना वर यायला बळ नसते, मातीखाली गेले की संपले. वर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक झाका आणि ट्रे उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा.

पाणी नेहमी खालूनच, परातीतून. झारीने घातलेत तर सगळे बी एका कोपऱ्यात वाहून जाईल. मेच्या शेवटी पेरले तर जूनच्या दमट हवेत साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरवा मखमली थर दिसू लागतो. त्या दिवसापासून झाकण रोज थोडा वेळ उघडे ठेवा, नाहीतर रोपे बुरशीने बसतात. चार-सहा पाने आली की बांबूच्या काडीने रोप मातीसकट उचलून छोट्या पिशवीत लावा. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा रोप पिशवीतच काढू द्या. पुढच्या जूनमध्ये ते वीतभर किंवा त्याहून उंच होते आणि जमिनीत जायला तयार असते.

घाई असेल तर छाटकलमही करता येते. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पिकलेली फांदी सहा-सात इंच कापा, खालची पाने काढा, टोकाला मुळे फुटण्याची पावडर लावा आणि वाळू जास्त असलेल्या मिश्रणात खोचा. सगळ्या काड्या फुटत नाहीत, म्हणून हव्यात त्याच्या तिप्पट लावा. तरीही माझे मत बियांच्या बाजूने आहे. बियांपासून आलेली रोपे एकमेकांपासून थोडी वेगळी असतात, फुलोऱ्याचे दिवस पुढेमागे होतात आणि पाखरांना हंगाम लांब मिळतो.

जागा आणि लावणी

सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडा. सावलीत धायटी जगते, पण पानेच काढत बसते. दुसरी अट निचऱ्याची. मुरूम, लाल माती, दगडगोटे काहीही चालते. काळ्या चिकण मातीत मात्र पावसाळ्यात मुळांशी पाणी तुंबते, तिथे फूटभर उंचीचा वरंबा करून त्यावर लावा. कोकणात जांभ्याच्या उताराची कड उत्तम.

पहिला चांगला पाऊस होऊन जमीन मुरली की दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीतच घमेलेभर कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरा. यापेक्षा जास्त लाड नकोत. धायटी नापीक उतारावर वाढणारे झुडूप आहे. खत वाढवले की फांद्या फोफावतात आणि फुले कमी होतात. दोन झुडपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवा. जागा असेल तर एकट्या झुडपापेक्षा तिघांचा गट लावा. लाल रंगाचा मोठा पुंजका पक्ष्यांना लांबून दिसतो आणि ते पुन्हा पुन्हा येतात.

गच्चीवर लावायची असेल तर किमान अठरा इंची कुंडी किंवा अर्धा ड्रम घ्या. कुंडीत झुडूप लहान राहते, पण फुलते. कठड्याला बाहेरून झुकलेली धायटी फार देखणी दिसते, फक्त वाऱ्याने कुंडी कलंडणार नाही अशी जड बुडाची घ्या.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोल पाणी द्या, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवा. तिसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झुडपाला पाणी तोडा. कुंडीतल्याला मात्र कायम लागेल. डिसेंबरात काही पाने तांबूस होऊन गळतात, ते पाहून घाबरून पाणी वाढवू नका. तो फुलोऱ्याआधीचा नेहमीचा क्रम आहे.

छाटणीची एकच वेळ

फुले मागच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर येतात. दिवाळीत बाग साफ करताना माळ्याने सगळ्या झुडपांबरोबर धायटीही गोल छाटून टाकली की त्या वर्षीचा फुलोरा गेला. म्हणून छाटणी फक्त मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, बी झडून गेल्यावर. सर्वांत जुन्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा बुंध्यापासून काढा, बाकीच्यांना हात लावू नका. धायटी बुंध्यातून सहज फुटते आणि त्या नव्या फुटव्यांवर पुढचा बहर येतो. कातरीने टोके सपाट करून कुंपणासारखा आकार देऊ नका. झुकलेल्या फांद्या हाच तिचा उपयोग आहे, कारण शिंजीर हा मध पिणारा छोटा पक्षी फुलासमोर हवेत फार वेळ तरंगत नाही. त्याला बसायला फांदी लागते.

कोण कोण येते

तिसऱ्या वर्षाच्या आसपास बहर भरात आला की सकाळी सात ते नऊच्या दरम्यान झुडपापासून थोडे दूर बसा. जांभळा शिंजीर या दिवसांत विणीच्या पेहरावात असतो, उन्हात निळा-जांभळा चकाकतो. फांदीवर आडवा बसून तो बाकदार चोच नळीत घालतो, तेव्हा बाहेर आलेले पुंकेसर त्याच्या चोचीच्या मुळाशी आणि कपाळाला लागतात. दुर्बीण असेल तर तिथे परागांची धूळ दिसते. हीच धूळ पुढच्या झुडपावर जाते. म्हणून एकाऐवजी दोन-तीन झुडपे असली की बी जास्त चांगले धरते. चष्मेवाला पक्षीही थव्याने येऊन मध पितो.

मधमाश्यांतल्या सातेरी आणि फुलोरी या दोन्ही येतात, आसपास मोहोळ असेल तर आग्याही. लहान माशीला नळीच्या तळापर्यंत पोचणे अवघड जाते, ती बाहेरचे परागच गोळा करून निघून जाते.

एकट्या धायटीने वर्ष भरत नाही. तिच्या आगेमागे फुलणारी देशी झाडे जोडा. पावसाळ्यात तेरडा, पाऊस ओसरताना तुंबा, हिवाळ्यात अडुळसा, धायटीबरोबर करवंद आणि ती संपता संपता कुडा. निर्गुडी कडेला असली तर मधले दिवस सांभाळते. अडुळसा, निर्गुडी आणि कुडा हीसुद्धा औषधी झाडेच, त्यामुळे छोट्या कोपऱ्यात एक चांगली जोडबाग होते.

बागेत कीटकनाशक अजिबात नको, कडुनिंबाचे तेलही फुलोऱ्यात फवारू नका. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. पसरट मातीच्या थाळीत गोटे टाकून उथळ पाणी ठेवा म्हणजे माश्या बुडत नाहीत. आणि हातभर जमीन तरी फरशी, आच्छादन काहीही न घालता उघडी ठेवा. एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी देशी माश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. सगळीकडे फरशी घालून मध देणारी झाडे लावणे म्हणजे त्यांना जेवू घालून बेघर करणे.

फुले कधी आणि किती घ्यायची

औषधी व्यापारात धायटीला मोठी मागणी आहे आणि बहुतेक फुले रानातूनच येतात. ती ऐन बहरात ओरबाडली जातात, तेव्हा पाखरांचा मधही जातो आणि पुढच्या पिढीचे बीही. आपल्या अंगणात आपण हे टाळू शकतो.

झुडूप निदान तीन वर्षांचे होईपर्यंत काहीच तोडू नका. पुढे एकूण फुलोऱ्याच्या पाव हिश्श्याहून जास्त घेऊ नका आणि तीही सुरुवातीची नव्हे, मार्चअखेरची. ज्या नळ्यांमधले पुंकेसर सुकून काळपट झाले आहेत, पण नळी अजून लाल आहे, त्याच झुबक्यांतून निवडून घ्या. त्यांचा मध पाखरांनी आधीच घेतलेला असतो. उरलेल्या तीन हिश्श्यांना बी धरू द्या. दव सुकल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास तोडा. सुती कापडावर एका थरात पसरून सावलीत, वारा लागेल असे वाळवा, रोज एकदा हलवा. चांगली वाळलेली फुले चुरचुरीत होतात आणि तांबूस रंग टिकवतात. काळी पडली किंवा कुबट वास आला तर खतात टाका.

औषधात धायटी

चरकसंहितेत धातकीचे स्थान ठळक आहे. जखम सांधणाऱ्या संधानीय गणात ती आहे, जुलाब बांधणाऱ्या पुरीषसंग्रहणीय गणात आहे आणि ज्या दहा फुलांपासून आसव, म्हणजे आंबवलेले औषध, करतात त्यांच्या यादीतही आहे. चव तुरट, गुण थंड. तुरटपणा तिच्यातल्या टॅनिनचा.

मात्र तिचा सर्वांत मोठा उपयोग दुसऱ्याच कारणाने होतो. अशोकारिष्ट, कुटजारिष्ट, अरविंदासव, दशमूलारिष्ट यांच्या बाटलीवरची घटकयादी वाचा, धातकी सापडेल. आसव-अरिष्टे आंबवून तयार होतात. वाळलेल्या धायटीच्या फुलांवर नैसर्गिक यीस्ट असते, ते काढ्यातल्या गुळाला किंवा मधाला आंबवते. बाटलीवर स्वयंनिर्मित मद्यार्काचे प्रमाण लिहिलेले असते, ते या आंबण्यातून आलेले. घरी आसव घालायचा प्रयोग करू नका. भांड्याची स्वच्छता, तापमान, हवाबंदपणा यांत थोडी चूक झाली तरी नको ते जंतू वाढतात आणि मद्यार्क किती झाला हे घरी मोजताही येत नाही.

घरगुती परंपरेत फुलांचे चूर्ण ताकाबरोबर देतात, साध्या जुलाबासाठी. मोठ्या माणसासाठी वैद्य साधारण ३ ते ६ ग्रॅम चूर्ण सांगतात, पण आपल्या प्रकृतीला किती आणि किती दिवस हे वैद्यालाच विचारा. जुलाबात पहिले काम शरीरातले पाणी भरून काढण्याचे, म्हणजे ओआरएस. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल, दोन दिवसांत उतार नसेल किंवा रुग्ण लहान मूल अथवा म्हातारे माणूस असेल तर चूर्णावर वेळ घालवू नका, दवाखान्यात जा. अंगावर जास्त जात असेल तरी हेच. धातकीची औषधे स्त्रीरोगांत वापरतात हे खरे, पण आधी कारण तपासून घ्यायला हवे. गर्भवतींनी आणि गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्यांनी धायटी पोटात घेऊ नये. ज्यांना बद्धकोष्ठाचा त्रास आहे त्यांना ती सोसत नाही.

जखमेवर चूर्ण भुरभुरायची जुनी पद्धत आहे. घरी वाळवलेले चूर्ण निर्जंतुक नसते, म्हणून उघड्या जखमेवर ते नको. स्वच्छ पाण्याने धुणे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन हेच बरे. तोंड आले असेल तर मात्र चमचाभर फुले दोन कप पाण्यात निम्मे आटेपर्यंत उकळून, गाळून, कोमट करून गुळण्या करायला हरकत नाही. गुळणी गिळू नका.

वाळलेली फुले काचेच्या कोरड्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवा. बरणीवर तोडल्याचा महिना आणि वर्ष लिहा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून वास घ्या आणि पुढच्या मार्चमध्ये नवी फुले आली की उरलेली जुनी धायटीच्याच बुंध्याशी टाका.